नदीकाठी आणि सागरतीरी तंबूतला मुक्काम : कुटुंबासाठी जागा निवडताना

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुंबई-पुण्यातील कुटुंबांची पावले कोकणाकडे वळतात. हॉटेलच्या खोलीऐवजी नदीकाठी किंवा समुद्रालगतच्या वाडीत तंबूत राहण्याचा प्रघात गेल्या काही वर्षांत चांगलाच रुजला आहे. मुलांना मोकळे रान मिळते, रात्री चांदणे दिसते आणि खर्चही आटोक्यात राहतो. मात्र छायाचित्रांत सारख्याच दिसणाऱ्या या जागांमध्ये प्रत्यक्षात मोठा फरक असतो. कोठे मे महिन्यात नदीच आटलेली असते, कोठे सकाळी गुडघाभर असलेले पाणी दोन तासांत छातीपर्यंत येते, तर कोठे समोरचा सुंदर किनारा पोहण्यास मुळीच योग्य नसतो. लहान मुले आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर हा फरक निघण्यापूर्वीच जाणून घेणे अगत्याचे ठरते.

कोकणातील नदी उन्हाळ्यात कशी असते?

सह्याद्रीच्या माथ्यावरून उतरून अरबी समुद्राला मिळणाऱ्या कोकणातील नद्या लांबीने आखूड आणि उताराला तीव्र आहेत. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात. परंतु जांभ्या दगडाची जमीन पाणी धरून ठेवत नसल्याने मार्चनंतर त्यांचा प्रवाह झपाट्याने रोडावतो. त्यामुळे 'नदीकाठचा मुक्काम' या शब्दांचा अर्थ उन्हाळ्यात तीन प्रकारे लावावा लागतो.

पहिला प्रकार म्हणजे डोंगरपायथ्याचा वरचा भाग. येथे एप्रिल-मेमध्ये बहुधा खडकाळ पात्र आणि अधूनमधून साचलेले डोह एवढेच उरते. डोहांचे पाणी वरून शांत दिसते. पण त्यांची खोली एकाएकी वाढते आणि तळाचे खडक शेवाळलेले असतात. दुसरा प्रकार धरणाच्या किंवा वीजप्रकल्पाच्या पाण्यावर वाहणाऱ्या नद्यांचा. रायगड जिल्ह्यातील कुंडलिका आणि रत्नागिरी जिल्ह्यातील वाशिष्ठी ही त्याची ठळक उदाहरणे. वाशिष्ठीला कोयना प्रकल्पाचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी मिळते. या नद्यांना भर उन्हाळ्यातही पाणी असते. परंतु ते केव्हा वाढेल हे पावसावर नव्हे, तर वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावर ठरते. तिसरा प्रकार खाडीचा. समुद्रापासून काही किलोमीटर आतपर्यंत भरतीचे खारे पाणी नदीत शिरते. ही खाडी बाराही महिने भरलेली दिसते; पण ती दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते.

जागेची चौकशी करताना आपला तंबू यांपैकी कोणत्या नदीकाठी लागणार आहे, हा पहिला प्रश्न असावा.

कुंडलिका : कोलाड ते रेवदंडा

नदी आणि समुद्र हे दोन्ही एकाच सहलीत साधायचे तर कुंडलिकेचा पट्टा सोयीचा आहे. मुंबई-गोवा महामार्गावरील कोलाड हे गाव मुंबईहून सुमारे १२० किलोमीटरवर आहे, तर पुण्याहून ताम्हिणी घाटाने येता येते. कोकण रेल्वेचे स्थानकही येथे आहे. कोलाडपासून रोह्यामार्गे दीड-दोन तासांत रेवदंडा गाठता येते. तेथेच ही नदी समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेस रेवदंड्याचा आणि दक्षिणेस कोर्लईचा किल्ला उभा आहे.

कुंडलिकेतील उन्हाळी पाण्याची कथा मोठी रंजक आहे. हे पाणी मूळचे पूर्ववाहिनी मुळा नदीचे. मुळशी धरणात ते अडवले जाते आणि सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला भिरा येथील वीजगृहात सोडले जाते. १९२७ पासून तेथे वीजनिर्मिती होत आहे. याच धरणाच्या विरोधात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला होता. वीज तयार झाल्यावर उरणारे पाणी कुंडलिकेत येते आणि त्याच प्रवाहावर सकाळच्या वेळी कोलाडचे राफ्टिंग चालते. विजेची मागणी आणि संचांची दुरुस्ती यांनुसार पाणी सोडण्याची वेळ बदलू शकते. राफ्टिंगसाठी मुक्काम ठरवला असेल तर त्या दिवशी पाणी सोडले जाणार आहे का, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे. आयोजक सामान्यतः चौदा वर्षांखालील मुलांना राफ्टमध्ये घेत नाहीत. त्यामुळे लहान मुलांबरोबर कोण थांबणार, हेही आधीच ठरवलेले बरे.

याच कारणाने कोलाड परिसरात तंबू पात्रात किंवा पात्रालगतच्या सखल वाळूवर नसावा. काठावरची ओली रेघ, झुडपांत अडकलेला पालापाचोळा आणि खडकांवरील चिखलाचे पट्टे पाहिले की पाणी कोठवर चढते ते कळते. त्या खुणेच्या बरेच वर तंबू असला पाहिजे. प्रवाहातून चालत पलीकडच्या काठावर किंवा मधल्या बेटावर जाणे टाळावे. परतीची वाट पाण्याखाली जाऊ शकते. हा धोका काल्पनिक नाही. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. नदीचे नाव निराळे असले तरी धरणाखालच्या पात्राचा नियम सर्वत्र सारखाच आहे.

आणखी एक गोष्ट उन्हाची. नदीकाठ म्हणजे गारवा, हा समज या भागात खरा ठरत नाही. समुद्राचा वारा डोंगरपायथ्याच्या बशीसारख्या भूभागात पोहोचत नाही. भिरा येथे मार्च २०१७ च्या अखेरीस ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. दुपारी बारा ते चार या वेळेत कापडी तंबूत बसणे मुलांनाच काय, मोठ्यांनाही सोसत नाही. म्हणून तंबूबरोबर पक्क्या छपराची, पंख्याची किंवा दाट झाडांच्या सावलीची सामायिक जागा आहे की नाही, हे पाहावे. नदीकाठचा मुक्काम एप्रिलच्या मध्यापूर्वी आणि समुद्राचा त्यानंतर, अशी विभागणी केल्यास उन्हाचा त्रास कमी होतो.

रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे. अंघोळ आणि पोहणे यांसाठी त्याच्या वरचाच, म्हणजे कोलाडच्या बाजूचा पट्टा निवडावा.

समुद्रकिनारा : दिसणे आणि असणे

रेवदंड्याच्या उत्तरेस नागाव आणि आक्षी, तर दक्षिणेस काशीद आणि मुरूड हे किनारे आहेत. काशीदची पांढरी वाळू सर्वांना भुरळ घालते. मात्र तेथे पाण्याची खोली लवकर वाढते आणि लाटांना जोर असतो. लहान मुलांसाठी नागाव-आक्षीचे उथळ, संथ उताराचे किनारे अधिक बरे. श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरचा लांबलचक किनाराही याच वर्गात मोडतो.

कोणताही किनारा सर्वकाळ सुरक्षित नसतो, हे मात्र विसरता कामा नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. तो पावसाळा नव्हता, वादळही नव्हते. पाण्याची ओढ, खोलीचा चुकलेला अंदाज आणि पोहता न येणाऱ्यांचा एकमेकांना वाचवण्याचा प्रयत्न यांतून अशा घटना घडतात. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून वेगाने आत परतते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे नवख्याला तीच जागा शांत वाटते. त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावे, हे मुलांना आधीच समजावून सांगावे.

नदीचे मुख तर पोहण्यासाठी पूर्णपणे वर्ज्य मानावे. ओहोटीच्या वेळी नदीचे आणि खाडीचे पाणी एकत्र समुद्राकडे धावते, वाळूचे बांध जागा बदलतात आणि काल जेथे कमरेएवढे पाणी होते तेथे आज डोह असतो.

भरती-ओहोटीचे गणित

किनाऱ्यावरील मुक्कामात घड्याळाइतकेच भरतीचे वेळापत्रक महत्त्वाचे असते. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनारपट्टीवर यासाठी जुना आडाखा प्रचलित आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. षष्ठीला सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. हा अंदाज असून ठिकाणानुसार त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा, क्वचित त्याहून अधिक फरक पडतो. अचूक वेळेसाठी प्रसिद्ध होणारे भरतीचे तक्ते पाहावेत.

या हिशेबातून एक व्यवहार्य निष्कर्ष निघतो. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते. भरती मोठी येते आणि ओहोटीही खोलवर जाते. या दिवसांत दुपारभर पाणी ओसरत असते आणि नेमक्या त्याच वेळी पर्यटक जेवण आटोपून पाण्यात उतरतात. चांदण्या रात्रीसाठी पौर्णिमेचा मुहूर्त धरणाऱ्या कुटुंबांनी समुद्रस्नान भरती चढत असताना, सकाळीच उरकावे. अष्टमीच्या सुमारास 'भांगा'ची भरती असते. तेव्हा पाण्याचा चढउतार कमी असल्याने लहान मुलांसाठी हे दिवस अधिक सोयीचे. भरती-ओहोटीतील अंतर मुंबईकडे जास्त, तर मालवणकडे कमी असते, हेही लक्षात ठेवावे.

हरिहरेश्वर येथे मंदिरामागील खडकाळ प्रदक्षिणामार्ग ओहोटीतच चालण्याजोगा असतो. भरतीच्या वेळी तेथे जाणे जिवावर बेतू शकते.

सावित्री आणि कर्ली

ज्यांच्याकडे चार-पाच दिवस आहेत, त्यांना आणखी दोन पर्याय आहेत. सावित्री नदी हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्यामध्ये समुद्राला मिळते. बागमांडला-वेसवी फेरीबोटीतून वाहनासह खाडी ओलांडली की बाणकोटचा किल्ला आणि वेळास हे गाव जवळच आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या प्रयत्नांतून वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम उभे राहिले. घरट्यांतून बाहेर पडणारी पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्याची संधी साधारणतः फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात मिळते. तेथे गावातील घरगुती निवासातच उतरणे योग्य. वाळूवर तंबू आणि दिवे लागले की पिल्लांची दिशा चुकते.

सावित्रीच्या महाड परिसरातील पात्रात आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीत मगरींचा वावर आहे. त्यांचे दर्शन बोटीतून घ्यावे. तेथे काठावर मुलांना खेळू देणे अथवा भांडी धुण्यासाठी पाण्यात उतरणे टाळावे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणजवळ तारकर्ली-देवबाग येथे कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी अशी चिंचोळी भूमी म्हणजे देवबाग. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे तारकर्लीचे निवास परिचित आहे. रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळचे स्थानक जवळ पडते. खाडीच्या बाजूचा मुक्काम लहान मुलांना मानवतो. पण ज्या भूमीच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे, तेथे मुलांवर दोन्ही बाजूंनी लक्ष ठेवावे लागते. मेच्या उत्तरार्धात येथील समुद्र खवळू लागतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. बोटीत पाय ठेवण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगावर, मुलांच्या मापाचे, पट्टे आवळलेले जीवरक्षक जाकीट असलेच पाहिजे. जाकीट नसेल तर फेरी रद्द करावी. त्यात संकोच नसावा.

तंबूची जागा कशी पारखावी?

नारळी-पोफळीच्या वाडीत तंबू ही कल्पना मोहक आहे. परंतु माडाखाली झोपणे म्हणजे डोक्यावर नारळ आणि झावळी यांचे ओझे घेणे होय. तंबूंच्या वरच्या माडांचे नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवल्या आहेत का, हे स्पष्टपणे विचारावे. सुरूच्या बनात सावली चांगली मिळते. तथापि तेथील सुकलेल्या काड्यांचा थर ठिणगीने पेट घेतो, म्हणून शेकोटी वाडीबाहेर मोकळ्या जागेवरच हवी. तंबूत डास पळवण्याची अगरबत्ती पेटती ठेवून झोपू नये. जाळीचा तंबू किंवा मच्छरदाणी हाच सुरक्षित उपाय.

कातळाच्या सड्यावर तंबू असेल तर दिवसभर तापलेला दगड रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. वाळूत तंबूचे खुंटे धरत नाहीत. तेथे लांब खुंटे किंवा वाळूने भरलेल्या पिशव्या वापरलेल्या असाव्यात. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा वाहतो आणि पहाटे जमिनीकडून मतलई. तंबूला समोरासमोर दोन जाळीदार तोंडे असतील तर दोन्ही वाऱ्यांचा लाभ होतो.

पाण्याचा प्रश्न विचारल्याखेरीज आगाऊ रक्कम भरू नये. पावसाळ्यात धो-धो पाऊस पडणाऱ्या कोकणात एप्रिल-मेमध्ये अनेक गावांना टंचाई भासते आणि टँकर येतात. समुद्रालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. पिण्याचे पाणी कोठून येते, स्वच्छतागृहे किती तंबूंमागे किती आहेत, त्यांत रात्री दिवा असतो का आणि वाटेवर उजेड असतो का, हे प्रश्न साधे आहेत. पण मुक्कामाचे सुखदुःख त्यांवरच अवलंबून असते.

जागा 'कौटुंबिक' आहे याचा अर्थही समजून घ्यावा. तरुणांच्या मोठ्या गटांसाठी वेगळा भाग आहे का, मद्यपानाबाबत नियम काय आहेत, संगीत किती वाजता थांबते, हे विचारावे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकावर कायद्यानेच निर्बंध आहेत. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून साहसी उपक्रम घेणाऱ्या आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. राफ्टिंग, कयाकिंग असे उपक्रम मुक्कामात धरलेले असतील तर नोंदणी प्रमाणपत्र आणि विमा यांची विचारणा करण्याचा पर्यटकांना पूर्ण अधिकार आहे.

साप, विंचू आणि रुग्णालय

कोकणात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप आढळतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना तिचा दंश होण्याचा संभव अधिक. शिवलेला तळ आणि बंद होणारी चेन असलेला तंबू किंवा खाट घ्यावी. बूट घालण्यापूर्वी झटकावेत, रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे हे प्रकार टाळून रुग्णाला न चालवता थेट रुग्णालयात न्यावे.

लाल विंचवाचा दंश कोकणात पूर्वी अनेकांच्या, विशेषतः मुलांच्या, मृत्यूस कारण ठरत असे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केल्यानंतर हे चित्र पालटले. उपचार आहेत, मात्र ते वेळेत मिळाले पाहिजेत. म्हणूनच मुक्कामापासून जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय किती मिनिटांवर आहे आणि रात्री तेथवर जाण्यास वाहन आहे का, हे जागा ठरवतानाच पाहावे. दूरध्वनीची रेंज नसलेली जागा 'निवांत' म्हणून विकली जाते. लहान मुले बरोबर असताना तो गुण नव्हे, दोष समजावा.

केव्हा जावे, केव्हा परतावे?

मार्चअखेर ते मेचा पहिला पंधरवडा हा योग्य काळ होय. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून असली तरी २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच येऊन धडकला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आले आणि नारळ-सुपारीच्या बागा, सुरूची बने जमीनदोस्त झाली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाचाही किनारपट्टीला तडाखा बसला. तेव्हा मेच्या शेवटच्या आठवड्याचे आरक्षण करताना रद्द केल्यास पैसे परत मिळतील का, हे लेखी घ्यावे आणि हवामान खात्याचा इशारा आला तर मुक्काम आवरता घ्यावा.

आंबा, फणस, कोकम सरबत आणि सोलकढी यांची या दिवसांत रेलचेल असते. यजमानांच्या घरचे साधे जेवण घेतल्यास मुलांच्या पोटालाही ते मानवते. मुक्काम संपल्यावर प्लॅस्टिक आणि बाटल्या आपल्याबरोबर परत आणाव्यात. पुढच्या उन्हाळ्यात त्याच काठावर आणखी कोणाची तरी मुले खेळणार असतात.

निघण्यापूर्वी हे विचारा

• नदीला सध्या पाणी आहे का? ते धरणाचे, डोहाचे की खाडीचे?
• पाणी चढण्याची खूण तंबूपासून किती खाली आहे?
• किनाऱ्यावर जीवरक्षक असतात का? कोणत्या वेळेत?
• मुक्कामाच्या दिवसांची तिथी आणि भरतीची वेळ कोणती?
• दुपारी बसण्यासाठी पक्क्या सावलीची जागा आहे का?
• पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि रात्रीचा उजेड यांची सोय काय?
• मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे आहेत का?
• दर जेवणासह आहे का? मुलांसाठी वेगळा दर आहे का?
• जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे?
• आपत्कालीन क्रमांक : रुग्णवाहिका १०८, पोलीस व अन्य मदत ११२, समुद्रातील बचावासाठी तटरक्षक दल १५५४.